हणमंतरावांचा बुटका फटका

जिल्हा नवा झाला आणि लातूरच्या कचेरीत खुर्च्या कमी, साहेब जास्त अशी गत झाली. त्यातल्या एका साहेबांना गोल्फचा नाद होता. हिरवळ आणायची कुठून? पाऊस रुसलेला, गावोगाव टँकर फिरणारे. मग साहेबांनी रेणापूरच्या वाटेवरचा एक कोरडाठाक तलाव हेरला, भेगाळलेल्या गाळात लाल झेंडी रोवली आणि जोडीला कारकून हणमंतरावांना घेतलं.

हणमंतराव नाही म्हणतील कसे? सोमवारी बदल्या निघणार होत्या आणि त्यांना थेट माहूरकडे धाडायचं घाटत होतं. अर्धा जन्म परगावच्या खोलीत स्टोव्हवर पिठलं ढवळण्यात गेलेला. आता कुठं बायकोच्या, साखराबाईंच्या हातची भाकरी रोज ताटात पडू लागली होती. त्या भाकरीसाठी हणमंतराव गोल्फच काय, मल्लखांबही शिकले असते.

तलावात वारा भणाणत असायचा. उंच गेलेला चेंडू वारा कुठं नेऊन टाकील याचा नेम नाही. म्हणून साहेबांचा एकच धोशा, फटका बुटका हवा.

"नवशिक्यानं काठी कमरेच्या वर न्यायचीच नाही. हात बसला की चेंडू उजव्या पायाशी घ्यायचा, मुठी चेंडूच्या पुढं. मुरलेला खेळाडू तर मारल्यावर काठी गुडघ्याशीच थांबवतो. तुम्ही कुठवर आलात?"

"नवशिकाच हाय, साहेब. पण जुना."

पंचाईत अशी, की लहानपणी हणमंतराव विटीदांडूत गावात पहिले. चेंडू दिसला की हात आपसूक कोलायचाच. चेंडू असा आभाळात जायचा की घारी वाट सोडायच्या. हणमंतरावांची झोप उडाली. ते कचेरीत पट्टीनं खोडरबर ढकलू लागले, घरी लाटण्यानं कांदा. साखराबाई म्हणाल्या, "आवो, काय करून राहिले? डोकं बिकं फिरलं का?"

तिकडे काठावरचे शेतकरी वेगळंच बघत होते. सरकारी माणसं उन्हातान्हात कोरड्या तलावात काठी घेऊन फिरतात, थांबतात, मातीकडे टक लावतात, झेंडी रोवतात. हे तर जमिनीतलं पाणी हेरणाऱ्या पाणाड्याचंच काम! चेंडू पडेल तिथं बोअर, हे गावानं ठरवूनही टाकलं. पाणाडे नारळावर पाणी बघतात, सरकारनं चेंडू काढला असेल.

भुजंग नावाचा काठावरचा शेतकरी हणमंतरावांना गाठून म्हणाला, "रावसाहेब, एक चेंडू आमच्या बांधाकडं येऊ द्या की."

"आरं, हा खेळ हाय!"

"ह्या उन्हात खेळ? आमाला येडं समजून राहिले का?"

हणमंतरावांनी देवाची शपथ घेतली. त्याबरोबर भुजंगाची खात्रीच पटली. सरकारी माणूस शपथेवर नाही म्हणतोय, म्हणजे गोष्ट नक्की आहे.

रविवारी साहेब म्हणाले, "हणमंतराव, आज एक तरी चेंडू जमिनीलगत गेला, तर तुमच्या बदलीचं मी वर बोलतो."

हणमंतरावांनी चेंडू उजव्या पायाशी घेतला, मुठी पुढं केल्या, रेणुकामातेचं नाव घेतलं. पण ऐनवेळी हातानं घात केला. कोललाच! चेंडू वर गेला, वाऱ्यानं तो उचलला आणि भुजंगाच्या रानात नेऊन टाकला. साहेबांनी कपाळाला हात लावला. माहूर नक्की झालं.

दोघं रानात पोचेपर्यंत चेंडूला हळदकुंकू लागलं होतं. नारळ फुटला होता. भुजंगाची शेजाऱ्याशी मात्र जुंपली होती, चेंडू आधी आपल्या बांधावर टेकला असं त्याचं म्हणणं. या गलक्यातच धुरळा उडवत जीप आली. औरंगाबादचे बडे साहेब दुष्काळी दौऱ्यावर निघाले होते. साहेबांनी घाईघाईनं काठी पाठीमागं लपवली.

"हे काय चाललंय?"

बड्या साहेबांनी उतरता उतरता विचारलं. भुजंगच पुढं झाला. "बोअरची जागा दाखवून राहिलेत, साहेब. आमचे रावसाहेब लई जबरदस्त पाणाडे हायेत. आयतवार सुदिक पाळत न्हाईत."

बड्या साहेबांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "होय सर."

खोटं रेटायचं तर पुरतं रेटावं लागतं. दोन दिवसांत बोअरची गाडी आली. हणमंतराव घरात तोंड लपवून बसले. संध्याकाळी भुजंग पेढे घेऊन दारात. चिखलानं माखलेला. चांगलं मनगटाएवढं पाणी लागलं होतं.

आठवड्याच्या आत हुकूम निघाला. बदली रद्द, मुक्काम लातूर. हणमंतरावांचा आनंद गगनात मावेना. खालच्या ओळी त्यांनी दुसऱ्या वाचनात पाहिल्या. टंचाई संपेपर्यंत जिल्ह्यातल्या एकूणएक गावी जाऊन बोअरच्या जागा दाखवाव्यात.

आज औसा, उद्या चाकूर, परवा निलंगा. जिथं रात्र होईल तिथं शाळेच्या ओसरीवर पथारी आणि गावकऱ्यांनी दिलेलं पिठलं. महिन्यानं एकदाचे घरी आले, ते धुतलेले कपडे न्यायला. जीप दारात सुरूच होती.

साखराबाईंनी भाकरी फडक्यात बांधून हातात दिली. म्हणाल्या, "माहूरलाच गेले आसते तर बरं झालं आसतं बगा. सुट्टीला तरी घरी आले आसते."