गरुडाक्ष आणि धुरकट काच

"माझी नजर ही नजर नाही, झडती आहे," असं गरुडाक्ष स्वतःबद्दल सांगत असे, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. गरुडाक्ष हे नावही त्याने स्वतःच स्वतःला दिलं होतं. गल्लीतले लोक त्याला मीटरवाला म्हणत, कारण मोटरसायकलवरून घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. त्यात पोटापुरतं मिळे आणि पाण्यापुरतं दिसे. उरलेल्या वेळात तो गुप्तहेर होता. तसं कार्डच त्याने छापून घेतलं होतं: 'गरुडाक्ष. खासगी तपास. आमच्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचा आहे.' त्याच्या नावावर आजवर एकच यशस्वी तपास होता, शेजारणीच्या हरवलेल्या मांजराचा. ते मांजर त्याच्या तपासाला कंटाळून आपणहून घरी परतलं होतं.

अशा या माणसाच्या डोळ्यांत गुरुवारी सकाळी धूळ गेली.

तो बायकोला शाळेत सोडायला निघाला होता. बायको गणित शिकवायची. मागच्या सीटवर बसून ती रोज पाढे पुटपुटत असे, आणि त्यावरून गरुडाक्षाने केव्हाच अनुमान काढलं होतं की ही बाई वर्गाची तयारी वाटेतच करते. बांधकामाच्या वळणावर वारा सुटला, डाव्या डोळ्यात काहीतरी सणकन शिरलं, तो डोळा मिटला, उजवाही त्याला साथ द्यायला मिटला, आणि गाडी रस्ता सोडून कुंपणात घुसली. सीटवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं. नवी वस्तू नवीच राहिली पाहिजे, हे गरुडाक्षाचं तत्त्व. त्या तत्त्वावरून बायको अलगद घसरली आणि डब्यासकट झुडपात पडली.

तिचा गुडघा खरचटला. त्याच्या डोळ्यातून डॉक्टरांनी वाळूचा कण काढला आणि बजावलं, "डोळ्यांवर काही तरी घालून चालवा. बुबुळाला पुन्हा ओरखडा आला तर गाडी विसरायची."

"हेल्मेटला काच आहे ना?" दवाखान्याबाहेर बायकोने विचारलं.

"ती? अगं, नव्या हेल्मेटची काच पहिल्या दिवसापासून धुरकट आहे. खाली घेतली की भर दुपारी धुकं पडतं. विकणाऱ्याने फसवलं मला."

"मला ते काही माहीत नाही. रविवारपर्यंत डोळ्यांचा बंदोबस्त करा. नाहीतर सोमवारपासून मी बसने जाणार."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली, म्हणजे ठरवून बोलली. घरात सासूबाई, बाहेर मीटर, संध्याकाळी वह्या तपासणं, यात सकाळची ती फेरीच काय ती दोघांची होती. दिवसातला तेवढाच वेळ बायको त्याच्या पाठीशी असे, अगदी शब्दशः. ती बसने गेली तर उरतं काय? गरुडाक्षाला गलबलून आलं. अर्थात डोळ्यात औषध घातलेलं असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

एखादा सामान्य माणूस तडक गॉगल घ्यायला गेला असता. गरुडाक्ष आधी वळणावर गेला. तिथे एक माणूस वाळू चाळत होता.

"तुम्ही रोज सकाळी इथे वाळू चाळता?"

"हो."

"का?"

"खडे निघावेत म्हणून."

"आणि बारीक धूळ? ती कुठे जाते?"

"वारा नेईल तिकडे."

"म्हणजे वाराही तुम्हाला सामील आहे!"

त्या माणसाने चाळणी खाली ठेवली. "साहेब, रीडिंग घ्यायचं असेल तर मीटर मागच्या बाजूला आहे."

विषय बदलणं हे अपराधी मनाचं पहिलं लक्षण. गरुडाक्षाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेल्मेटवाला मुद्दाम धुरकट काच विकतो. माणूस ती वर करतो. वर करताच हा वाळूवाला धूळ सोडतो. मग माणूस गॉगल घ्यायला धावतो. म्हणजे सूत्रधार गॉगलवाला! गरुडाक्ष त्याच पावली गॉगलच्या दुकानात शिरला आणि काउंटरवर हात आपटून म्हणाला, "तुमचं त्रिकूट मला कळलंय."

"त्रिकूट नाही ठेवत आम्ही," दुकानदार म्हणाला. "काळा आहे, पिवळा आहे, साधा आहे. गाडीवर घालायचा ना? मग साध्या काचेचा घ्या, न फुटणारा. दिवसा चालतो, संध्याकाळीही चालतो. कडेने वारा शिरत नाही एवढं बघा."

"साधा?" गरुडाक्ष तुच्छतेने हसला. "साध्या काचेतून काय, कोणीही पाहील."

त्याने काळा घेतला. शुक्रवारी एका घराच्या अंधाऱ्या जिन्याखाली त्याने पाण्याऐवजी विजेच्या मीटरचं रीडिंग लिहून आणलं. संध्याकाळी परतताना रस्त्यात उभ्या असलेल्या एका गृहस्थांना तो म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा." काका हलले नाहीत. त्यांना जोरात सुनावून झाल्यावर लक्षात आलं की काका हा दिव्याचा खांब आहे, आणि काकांवरचा दिवा केव्हाचा चालू आहे.

शनिवारी सकाळी त्याने काळा देऊन पिवळा आणला आणि घरात पाऊल टाकताच थबकला. "सासूबाई, घाबरू नका. तुम्हाला कावीळ झाली आहे."

"मला?"

"डोळे पिवळे, हात पिवळे, शालसुद्धा पिवळी पडली."

"शाल पिवळीच आहे, जावईबापू. बाकीचं तुमच्या नाकावर आहे."

दुपारी तो तिसरा गॉगल घेऊन आला. याला कडेने स्पंज होता आणि मागे रबरी पट्टा. वारा आत यायची सोय नव्हती, तशी वाफ बाहेर जायचीही नव्हती. चौकात पोचेपर्यंत गरुडाक्ष स्वतःच्याच वाफेत बुडाला आणि गाडी ढकलत घरी आला.

"पोहून आलात का?" बायकोने विचारलं. पण ती हसली नाही. तिने पर्समधून बसचा पास काढून टेबलावर ठेवला. नवा होता. त्यावरचा तिचा फोटोदेखील नवा होता, आणि त्या फोटोत ती निश्चिंत दिसत होती. गरुडाक्षाला ते फार लागलं.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने सर्वांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. सर्वांना म्हणजे बायकोला आणि सासूबाईंना. मधल्या टेबलावर हेल्मेट ठेवलं होतं, पुरावा म्हणून.

"या प्रकरणाची मुळं खोल आहेत," हात मागे बांधून येरझाऱ्या घालत त्याने सुरुवात केली. "या काचेत कारखान्यातच धूर भरलेला आहे. का? कोणासाठी? वाळूवाला बोलत नाही. गॉगलवाला जास्त बोलतो. याचा अर्थ..."

चर्रर्र.

गरुडाक्ष गर्रकन वळला. सासूबाईंनी हेल्मेट मांडीवर घेतलं होतं आणि काचेचा एक कोपरा नखाने उचलून त्या काहीतरी सोलत होत्या.

"सासूबाई! पुरावा!"

"कोपरा सुटला होता, मला बघवेना," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात एक धुरकट, ओरखड्यांनी भरलेला प्लास्टिकचा पापुद्रा लोंबत होता. "हे काढायचं असतं, जावईबापू. नव्या काचेवर चरे पडू नयेत म्हणून लावतात." मग त्यांनी मुलीकडे पाहून उसासा टाकला. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

गरुडाक्षाने हेल्मेट घातलं आणि काच खाली घेतली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा स्वच्छ दिसत होता. बायकोही स्वच्छ दिसत होती. ती हसू आवरायचा प्रयत्न करत होती, आणि ते तिला जमत नव्हतं.

"मला संशय होताच," तो हेल्मेटच्या आतून म्हणाला.

"कोणावर?"

त्याने थोडा विचार केला. "मी सोडून सगळ्यांवर."

इतकं खरं अनुमान त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काढलं होतं. धूळ फेकणारा जन्माला आलेला होता, आणि कार्डावर त्याचं नावही छापलेलं होतं. सासूबाईंनी तेवढ्यात अंगणात जाऊन सीटवरचं प्लास्टिकही सोलून टाकलं. कोणीही त्यांना थांबवलं नाही.

सोमवारी सकाळी बायको पास घरी ठेवून मागे बसली. गरुडाक्षाने काच खाली घेतली. वळणावर वाळूवाला चाळत होता, वारा त्याला सामील होता, धूळ काचेवर आली आणि काचेवरच राहिली. पहिल्यांदाच कोरड्या, उघड्या डोळ्यांनी गरुडाक्षाने आरशात पाहिलं. मागे बायको बसली होती. तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले होते आणि ओठ भराभर हलत होते.

"एकोणतीस चोक एकशे सोळा, एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस..."

ज्याची नजर म्हणजे झडती, त्याला हे इतके दिवस दिसलं नव्हतं. त्याने गाडी हळू केली.

"तू डोळे मिटून बसतेस?"

"हं."

"कधीपासून?"

"तुम्ही काच वर करून, एक डोळा मिटून चालवायला लागलात तेव्हापासून."

"आणि ते पाढे?"

"भीती वाटली की म्हणते."

गरुडाक्षाचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यात ना धूळ होती ना औषध. "अगं, मला वाटायचं की तू वर्गाची तयारी करतेस," तो म्हणाला. आरशात बायकोने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. एकोणतीसचा पाढा मध्येच थांबला.

"अहो," ती म्हणाली, "आता दिसतंय ना? मग पुढे बघा."