महामंडळाची ठाम भूमिका आणि सोनकीचा पंजा

एका जंगलात, बाळांनो, वाघ कमी होते आणि समित्या जास्त होत्या.

सगळ्यांत वजनदार होतं वन वैद्य महामंडळ. एकवीस सभासद, एकवीसही नर. त्यातल्या सर्वांत तरुण सभासदाचे दात पडून दहा पावसाळे झाले होते. हसू नका. मोठी मंडळी आहेत ती, आणि मोठ्यांना ऐकू कमी आलं तरी हसलेलं बरोबर दिसतं.

महामंडळाचं मुख्य काम भूमिका जाहीर करणं. कुणाला ताप आला तर औषध मिळायला तीन दिवस लागायचे, भूमिका मात्र त्याच दुपारी मिळायची. प्रवक्ता होता बगळा. त्याला पांढरा कोट शिवावा लागला नव्हता, एवढीच त्याची पात्रता.

एके दिवशी बगळ्याने पाणवठ्यावरच्या झाडाला मोठा फलक टांगला. 'मादीचं शरीर, मादीचाच निर्णय! महामंडळाची ठाम भूमिका.'

तो फलक सोनकी नावाच्या सशिणीने वाचला. मग पुन्हा वाचला. आणि चूक केली बिचारीने. खरा मानला.

सोनकीची सात वेतं झाली होती. पिल्लं त्रेचाळीस. सातव्या वेळी इतकं रक्त गेलं की दोन दिवस ती डोळेच उघडेना. तेव्हा महामंडळाचे अध्यक्ष, म्हातारे वानरसर, यांनी स्वतः तिला तपासलं होतं. "आठवं वेत झालं तर तू वाचणार नाहीस," असं बजावून ते स्वतःच्या सत्काराला निघून गेले होते. आता पुढचा हंगाम महिन्यावर आला होता.

सोनकी दवाखान्यात गेली. खिडकीत घोरपडबाई कागद घेऊन बसल्या होत्या.

"बाई, ऑपरेशन करायचंय. पिल्लं बंद करायची."

"नवऱ्याच्या पंजाचा ठसा?"

"पण तो फलक..."

घोरपडबाईंनी जीभ बाहेर काढली, आत घेतली. "फलक कुठेय? बाहेर. म्हणजे तो बाहेरच्यांसाठी. आत ठसा लागतो."

सोनकी तडक वानरसरांच्या खोलीत घुसली. सर आणि बगळा उद्याची भूमिका तपासत होते.

"सर, मी मरेन असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो तर! आणि त्या मतावर मी आजही ठाम आहे."

"मग करा की ऑपरेशन."

"अगं, ठसा आण. उद्या तुझा नवरा येऊन म्हणाला, मला न विचारता कसं केलंत, तर?"

"आणि मी मेले तर?"

"तर कोण येतंय विचारायला?" बगळा बोलून गेला. मग खाकरला. "म्हणजे, महामंडळ तीव्र दुःख व्यक्त करेल."

सोनकीचे कान ताठ झाले. "आणि नराचं ऑपरेशन असेल तर? बायकोचा ठसा लागतो?"

वानरसर इतके हसले की फांदीवरून पडता पडता राहिले. "वेडी कुठली! नर काय लहान असतो?"

घरी कानोबा पोट वर करून गवतात पडला होता. हा सोनकीचा नवरा.

"ठसा? आणि पिल्लं?"

"अहो, त्रेचाळीस आहेत. त्यातल्या पाच जणांची नावं सांगा बरं."

कानोबाने खूप विचार केला. दोन आठवली. त्यातलं एक त्याच्या भावाचं निघालं.

"नावांचं सोड गं. समज, चव्वेचाळिसावं डॉक्टर झालं तर?"

"आणि ते होताना मी गेले तर?"

"असं अभद्र बोलू नये. थांब, आईला विचारतो."

कानोबाची आई वारून दोन वर्षं झाली होती. तरी तो सगळं तिलाच विचारायचा. ती कायम नाहीच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सोनकी पुन्हा खिडकीपाशी. "देत नाही, बाई."

घोरपडबाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "ठसा आहे का, एवढंच बघायचं माझं काम. कुणाचा आहे, हे नाही. काय गं, सशाच्या आणि सशिणीच्या पंजात फरक काय असतो?"

"काहीच नाही."

"तेवीस वर्षं या खिडकीत बसतेय. एकाही वैद्याला हा प्रश्न पडला नाही."

सोनकीने खिडकीतली शाई जवळ ओढली. पकडली गेली तर कानोबा घरात घेणार नव्हता. नाही पकडली गेली तर ती जगणार होती. तिने पंजा शाईत बुडवला.

दुपारी वानरसरांनी ऑपरेशन केलं. झकास केलं. त्यांच्या हातात दोष कधीच नव्हता.

मग हळूहळू कुजबूज पसरली. हरिणी आल्या, साळिंदरी आल्या, रानमांजरी आल्या. ज्यांना पंजा नव्हता त्यांनी खूर टेकवला. एका विधवा भेकरीनेसुद्धा नवऱ्याचा ठसा आणून दिला. कुणी काही विचारलं नाही.

महिन्याने महामंडळाने कागद मोजले. एकशे बारा ठसे!

"एकशे बारा नवरे!" वानरसरांचे डोळे पाणावले. "जंगलातला नर जागा झाला! सत्कार ठेवा."

पाणवठ्यावर मांडव पडला. पहिला ठसा कानोबाचा, म्हणून पहिला मान त्याचा. कशाचा मान, ते त्याला माहीत नव्हतं, पण बोलावलं म्हणून तो गेला.

"या थोर नराने," वानरसर गरजले, "बायकोच्या ऑपरेशनला सर्वांत आधी परवानगी दिली!"

कानोबाच्या मिशा थरथरल्या. त्याने खाली बघितलं. तिसऱ्या रांगेत सोनकी बसली होती. तिने नजर हटवली नाही. एक वाक्य पुरे होतं. तिचं, घोरपडबाईंचं, एकशे अकराजणींचं सगळं बाहेर पडलं असतं.

कानोबाने तोंड उघडलं. तेवढ्यात खांद्यावर शाल पडली. शाल मऊ होती. टाळ्या वाजत होत्या.

"घरातून थोडा विरोध होता," कानोबा म्हणाला, "पण मी ठाम राहिलो."

मग बाकीचे नवरे रांगेत उभे राहिले. हा ठसा माझा नव्हे, असं एकानेही म्हटलं नाही. मेलेल्या भेकराची शाल बगळ्याने घरी नेली.

हंगाम आला आणि गेला. सोनकी पाणवठ्यावर हिरवं गवत खात होती. वर नवा फलक लागला होता: 'जागरूक नर, निरोगी मादी.' तिने वाचला. या वेळी खरा मानला नाही.

तात्पर्य : बायकांच्या आरोग्याचे निर्णय नेहमी पुरुषांनीच घ्यावेत. फक्त ते कोणते, हे त्यांना कळू देऊ नये. कळलेच, तर ताबडतोब शाल द्यावी.