पस्तीस की पन्नास?

ढवळेभाऊ आमच्या स्वयंपाकघरात नेहमी पाठीकडून येतात. डोळ्याला कॅमेरा, तोंडाने "सरका, सरका!" आणि समोरच्या स्वतःच्या दारातून मागे मागे निघालेला हा माणूस थेट आमच्या गॅसला टेकतो. एकदा शर्टाने पेट घेतला, तेव्हा बायकोने आमटी ओतून त्यांना विझवलं. खोटं वाटत असेल तर पिंपळे गुरवात कुणालाही विचारा. मीच सगळ्यांना सांगितलंय.

भाऊ चाकणला एका कंपनीत सुटे भाग तपासतात. "माप आधी, माल नंतर," हा त्यांचा मंत्र. चप्पल घेतानासुद्धा खिशातून कॅलिपर काढतात.

या गृहस्थांना आईचा फोटो काढायचा होता. म्हातारीचा एकच फोटो, आधार कार्डावरचा, आणि त्यातली बाई आपली आई आहे हे भाऊंना मान्य नव्हतं. म्हातारीची नजर जवळपास गेलेली, उजेड सोसत नाही म्हणून खिडकीला कायम पडदा. फ्लॅश मारला की ती दचकते. म्हणजे मोठ्या तोंडाची, अंधारातही भागवणारी लेन्स हवी. पन्नास मिलिमीटरची स्वस्त, पण तिला लांब उभं राहावं लागतं; पस्तीसची जवळूनही भागते, पण महाग. या वादात आमच्या इमारतीतला एक साखरपुडा मोडला.

माल घेण्याआधी माप हवं, म्हणून भाऊंनी जुनी, फिरवली की पस्तीस-पन्नास काहीही होणारी झूम लेन्स चिकटपट्टीने पन्नासवर गच्च बसवली.

"कॅमेऱ्यातला सेन्सर छोटा आहे ना वहिनी, पन्नासला सगळं जवळ येतं. मागं सरावंच लागतं."

"मग ओटा पाडा आमचा, अन् जा दिघीपर्यंत मागं!"

त्या रविवारी मीही वैतागलो. "भाऊ, स्वस्तातली पन्नास घ्या राव, आणि आम्हाला जेवू द्या."

"तेच करतो," म्हणत ते गॅसपाशी स्थिरावले. तेवढ्यात समोरच्या खोलीतून आवाज आला.

"सुधाकर? गेलास व्हय रं कंपनीत?"

म्हातारी पलंगावर बसून हवेत हात फिरवत होती.

"न्हाई गं आई, हितंच हाय!" भाऊ धावले. मी दारातून डोकावलो. त्यांनी पट्टी फाडली, लेन्स पस्तीसवर आणली आणि पलंगाला खेटून बसले. उजव्या हातात कॅमेरा, डावा आईच्या मुठीत. म्हातारीने तो चाचपला आणि बोळकं पसरून हसली. खटका पडला.

"पस्तीसच घेतो, राव," भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. "पन्नासला हात सुटतो."