मंडळाचं सरासरी कोपर

आमच्या हौशी कारागीर मंडळाकडे एक सीएनसी मशीन आहे. कम्प्युटरवर नक्षी काढायची, फळी आवळून बसवायची, बटण दाबायचं, की ते आपलं आपण लाकूड कोरत बसतं. हे मशीन ज्या टेबलावर ठेवलंय ते टेबल फार बुटकं आहे, ही बाब मी मंडळाच्या निदर्शनास आणून दिली.

तिथेच चुकलं.

म्हणजे बघा. कोरायला लागण्याआधी पात्याचं टोक फळीला अगदी टेकवून घ्यावं लागतं. मधे कागद धरायचा, टोक हळूहळू खाली आणायचं, कागद अडकला की थांबायचं. त्यासाठी डोळा पार टोकापाशी न्यावा लागतो. माझी उंची सहा फूट दोन. तेव्हा माझा जो आकार होतो त्याचा फोटो मी घरी दाखवला, तर ताई म्हणाली, "काय रे, चप्पल हरवली का?"

ताई शिवणकाम करते. तीन आठवड्यांनी तिचं स्वतःचं दुकान उघडणार होतं आणि त्याची पाटी मी कोरून देणार होतो. शब्द दिला होता. एकच फळी चाचणी म्हणून कोरली आणि कंबर कामातून गेली.

सचिवांकडे गेलो. सचिव म्हणजे निवृत्त वजनमाप निरीक्षक. घरचं मीठसुद्धा संशयाने बघतात.

"काका, टेबलाच्या पायांखाली चार ठोकळे ठेवू का? दहा मिनिटांचं काम आहे."

"ठोकळे ठेवले की काय होईल?"

"उंची वाढेल."

"उंची वाढली म्हणजे धोरण बदललं. अर्ज द्या."

दिला. अर्जात मी 'आरामात काम करता यावं' असं लिहिलं होतं. सचिवांनी 'आरामात' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि समिती नेमली.

समितीने आठवडाभर विचार करून ठरवलं की आराम कोपरात असतो. उभ्या माणसाचं कोपर जिथे, तिथे टेबल. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग समिती म्हणाली, कोपर कुणाचं? मशीन सगळ्यांचं, तर कोपरही सगळ्यांचं.

मंडळाच्या तेवीस सभासदांची कोपरं मोजली. बुटांसह एकदा, अनवाणी एकदा. माणूस दिवसभरात थोडा खचतो असं कुणीतरी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून संध्याकाळी परत. एकाचा हात प्लास्टरमध्ये होता, त्याची नोंद 'कोपर प्रलंबित' अशी झाली.

सरासरी निघाली एकशे तीन पूर्णांक चार सेंटिमीटर. नेमक्या या मापाचं कोपर मोजलेल्यांत एकाचंही नव्हतं. माझं एकशे सतरा.

ताईला सांगितलं तर तिने सुई तोंडातून काढून विचारलं, "उद्या मी अख्ख्या गल्लीचं माप घेऊन एक सरासरी शर्ट शिवला, तर कुणाला होईल?"

"कुणालाच नाही."

"मग? तू गप्प बसलास तिथे?"

गप्प नव्हतो बसलो. सभेत उठून हेच बोललो. सचिव शांतपणे म्हणाले, "मंडळ सरासरीने आरामात आहे. तुम्ही वैयक्तिक अडचण मांडताय."

नवीन टेबल आलं. कुणी उंचीशी छेडछाड करू नये म्हणून त्याचे पाय जमिनीत सिमेंटने पक्के केले. वर मशीन बसवलं. वायर जोडायला वायरमन आला. त्याने सगळं जोडलं, हात पुसले आणि सहज विचारलं, "साहेब, माप टेबलाचं घेतलंत. पण काम तर वर होतं ना? मशीनची उंची धरली का?"

मी टेप लावली. टेबलावर मशीन, मशीनवर फळी. टेबलाच्या वर बरोबर चौदा सेंटिमीटर. म्हणजे काम होणार एकशे सतरा पूर्णांक चारला.

माझं कोपर!

अख्ख्या मंडळाने मिळून, एवढे दिवस खपून, एक ढळढळीत चूक करून, मशीन फक्त माझ्यासाठी बसवलं होतं. मला नाचावंसं वाटलं. सरळ उभा राहिलो, हात टेकवले. अहाहा. कंबर म्हणाली, बाळा, इथेच राहू.

"मशीनची उंची समितीच्या कक्षेत येत नाही," सचिव म्हणाले. "आणि तुम्ही बाजूला व्हा. तुमचं कोपर टेबलाच्या वर आहे."

"काका, पण मला आराम वाटतोय!"

"वाटणं वेगळं, असणं वेगळं. ज्याचं कोपर टेबलाच्या पातळीला नाही तो नियमाने अवघडलेला आहे. अवघडलेल्या माणसाला मशीन देता येत नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

मशीनला कुलूप लागलं. दुकान चार दिवसांवर. ताई रोज एकच प्रश्न विचारायची, "पाटी लावू की तुलाच दारात उभा करू?"

तोडगा समितीनेच काढला. टेबल हलत नाही, कोपर हलतं. बुटक्या सभासदांसाठी फळ्या आल्या. एक आजोबा तीन फळ्यांवर चढून उभे राहिले आणि वरून सगळ्यांना आशीर्वाद देऊ लागले. आम्हा उंच लोकांसाठी जमिनीवर पिवळ्या रंगाने पावलं काढली. दोन पावलांत तीन फुटांचं अंतर. पाय एवढे फाकवले की माझं कोपर बरोबर एकशे तीन पूर्णांक चारला येतं. सचिवांनी स्वतः गुडघे टेकून तपासलं आणि समाधानाने म्हणाले, "आता कसं, आरामात!"

पाटी कोरायला मशीनला तीन तास लागले. बटण दाबल्यावर माझं तिथे काहीच काम नव्हतं. शेजारी खुर्ची होती. पण मशीन चालू असताना चालकाने आरामाची स्थिती सोडू नये असा नियम आहे. फळी माझ्या छातीशी, पाय दोन दिशांना. भुसा थेट नाकात.

पाटी झाली. झकास झाली. ताईने बोट फिरवून बघितलं आणि पाठीत धपाटा घातला, म्हणजे आवडली. रविवारी दुकान उघडलं. मी कुस्ती हरलेल्या पैलवानासारखा चालत घरी आलो.

रात्रीचं जेवण झाल्यावर सगळी गोष्ट रंगवून सांगितली. आई ओट्यापाशी भांडी घासत होती, ती हसून हसून पार वाकली. मग हसणं थांबलं तरी ती तशीच वाकलेली. ताई उठली आणि आईच्या कोपराला माप लावलं.

"अठरा सेंटिमीटर खाली आहे गं ओटा. कुणी ठरवली ही उंची?"

"तुझ्या बाबांनी. गवंड्याने विचारलं, केवढा करू? ते म्हणाले, सगळे करतात तेवढा कर."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" आई म्हणाली. "माप राहू दे, ती परात दे इकडे."

सव्वीस वर्षं झाली त्या ओट्याला. मी बुटक्या टेबलापाशी एक दिवस वाकलो तर अर्ज दिला, समिती हलवली, सिमेंट ओतायला लावलं. मी परात आईच्या हातात दिली आणि म्हणालो, "जाऊ दे गं. तुला आता सवय झालीय."

तुम्ही इतका वेळ हसत होता. हसा की. फक्त हेच वाक्य तुम्ही तुमच्या घरात शेवटचं कधी म्हणालात, तेवढं आठवून बघा.