गाडी वाकडी, लाइट सरळ

पिकअपच्या बंपरला फॉग लाइट बसवायचे तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं, हे जावयाला कळत होतं. पण सासरे घरात असताना दुसऱ्या कोणाच्या हातात ड्रिल देणं म्हणजे घरात आचारी असताना बाहेरून डबा मागवण्यासारखं होतं. सासरे गवंडी. उभं आयुष्य भिंती सरळ करण्यात गेलेलं. काम सोडल्यापासून त्यांना सरळ करायला काही उरलं नव्हतं. जावई सोडून.

लाइट हवे होते डेअरीच्या फेरीसाठी. डोंगरावरच्या वस्त्यांतून पहाटे दूध खाली आणायचं, आणि पहाटे तो सगळा रस्ता धुक्यात बुडालेला असतो. डेअरीच्या सुपरवायझरने निरोप धाडला होता, संध्याकाळी गाडी दाखवायला आणा, फॉग लाइट नसतील तर आणूच नका. फेरी मिळाली तर पिकअप घरात राहणार होती. नाही मिळाली तर ती विकत घ्यायला बायकोचा आतेभाऊ तयारच होता. तो येताजाता बोनेटवर हात फिरवून जायचा, जसा कोणी दुसऱ्याच्या ताटातल्या पदार्थाचा वास घेऊन जातो.

वायरिंग जावयाने केलं. ते पहिल्याच फटक्यात बरोबर झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बसवायचं काम सासऱ्यांनी घेतलं. त्यांनी आपली पाणसळ काढली, म्हणजे भिंतीची पातळी बघायची ती बुडबुड्याची पट्टी. बंपरवर आडवी धरली, एक डोळा मिटला, बुडबुडा मधोमध आल्यावर दोन्ही टोकांना खुणा केल्या आणि भोकं पाडली. ड्रायव्हरच्या बाजूची खूण जरा खाली आली. तिथला लाइट बंपरच्या कडेला अडायला लागला, तेव्हा त्यांनी ब्रॅकेट हातोडीने वाकवून त्याची सोय केली. त्या लाइटने मान खाली घातली ती घातलीच.

एकच गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. गाडी अंगणात उभी होती, आणि पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला एका बाजूला उतार होता. तो उतार सासऱ्यांनीच काढला होता. उत्तम काढला होता.

जावयाने गाडी सपाट रस्त्यावर नेऊन उभी केली. बायको समोरून बघायला गेली आणि तिची मान आपोआप तिरकी झाली.

"एक लाइट खाली का गेलाय?" ती हळूच म्हणाली.

"मला पण तेच दिसतंय."

"मग सांग ना बाबांना."

"तुझे बाबा आहेत. तू सांग."

"तुझे सासरे आहेत. आणि मी एकदा सांगितलं होतं त्यांना, स्वयंपाकघरातला ओटा उंच झालाय म्हणून. अजून पाटावर उभी राहून भाजी चिरते मी."

सासरे मागून येऊन उभे राहिले होते. त्यांनी लाइटांकडे बघितलं, मग गाडीकडे, मग जावयाकडे, वाईट बातमी सांगणाऱ्या डॉक्टरसारखं.

"जावईबापू, लाइट एकदम पातळीत आहेत. तुमची गाडी वाकडी आहे."

"गाडी, मामा?"

"घेताना बघितली नव्हती का नीट? बुडबुडा खोटं बोलत नाही. हवा बघा आधी चाकांतली."

टायरवाल्याने चारही चाकांतली हवा तपासली. ती सारखी होती. तसं सांगायला त्याने तोंड उघडलं, एवढ्यात त्याला गाडीत बसलेले सासरे दिसले. टायरवाल्याच्या घराची मागची भिंत त्यांनी बांधली होती आणि काम सोडलं तरी तिचा राहिलेला गिलावा करून द्यायचं कबूल केलं होतं.

"आहे, थोडी वाकडी आहे," टायरवाला म्हणाला.

"बघा," सासरे म्हणाले.

यानंतर उपाय एकच उरला. गाडी जिकडे वर आहे तिकडे वजन टाकून ती सरळ करायची. सासऱ्यांनी गाडी घरासमोरच्या सपाट रस्त्यावर उभी करवून हौद्यात ड्रायव्हरच्या उलट बाजूला वाळूची पोती रचायला लावली. लाइट बरेचसे पातळीत आले. आणखी पोती नव्हती. सासऱ्यांची नजर अंगणभर फिरली आणि सासूबाईंवर येऊन थांबली.

"तू पण चल," ते म्हणाले.

"मी कशाला? मला काय कळतं त्या लाइटमधलं?"

"मामी, घरचं मोठं माणूस बरोबर असलं की साहेबांना बरं वाटेल," जावई म्हणाला.

सासूबाई खूश झाल्या. चांगली साडी नेसून आल्या. पुढे न बसवता आपल्याला मागे, तेही एका कोपऱ्यात पोत्यांवर का बसवलं, हे मात्र त्यांना डेअरी येईपर्यंत कळलं नाही.

डेअरीच्या सिमेंटच्या आवारात पिकअप शिरली तेव्हा दोन्ही लाइट अगदी एका रेषेत होते आणि त्यांच्यामागची अख्खी गाडी एका कुशीवर कलली होती. सुपरवायझरने चष्मा पुसून पुन्हा लावला.

"लाइट सरळ आहेत," तो म्हणाला. "गाडी वाकडी आहे."

"मी सकाळपासून हेच सांगतोय," सासरे म्हणाले. दिवसभरात त्यांना भेटलेला हा पहिला समजूतदार माणूस होता.

"मागे काय भरलंय?"

"वाळू," जावई म्हणाला. "आणि सासूबाई."

"उतरवा."

सासूबाई उतरल्या. पोती उतरली. प्रत्येक पोत्यासरशी गाडी सरळ होत गेली आणि लाइट वाकडे. शेवटचं पोतं खाली आलं तेव्हा कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जावयाला डोळ्यांसमोर बोनेट दिसत होतं, आणि त्यावर आतेभावाचा हात.

"गोदामात घ्या," सुपरवायझर म्हणाला. "अंधारात लावून दाखवा."

गोदामात अंधार होता. जावयाने बटण दाबलं. सुपरवायझर बाहेर गेला, आपली स्कूटर ढकलत आत आला, गाडीच्या समोर, ड्रायव्हरच्या बाजूला ती उभी केली आणि हेल्मेट घालून तिच्यावर बसून राहिला. बराच वेळ बसला. सासूबाईंनी जावयाला हळूच विचारलं, "साहेब बरे आहेत ना?"

"मी खाली राहतो," सुपरवायझर हेल्मेटमधून बोलायला लागला. "रोज पहाटे वस्त्यांवरचं दूध तपासायला स्कूटरवर वर जातो. तेव्हा तुमच्यासारख्या सगळ्या गाड्या दूध घेऊन खाली उतरत असतात. एकेकाचे फॉग लाइट असे थेट डोळ्यांत घुसतात की मी गटारात जातो. गेल्या हिवाळ्यात दोनदा गेलो. एकदा पाहुण्यांना घेऊन गेलो." त्याने मान खाली घातलेल्या लाइटकडे बघितलं. "ह्याचा उजेड माझ्या चाकाच्या वर येत नाही. आणि तो दुसरा रस्त्याची कड दाखवतोय तुम्हाला. हे कोणी बसवलं?"

सासऱ्यांचं नाव घ्यावं की त्यांना वाचवावं, हे जावयाला ठरवता येईना.

"मी," सासरे म्हणाले.

सुपरवायझरने हेल्मेट काढलं. "उद्यापासून फेरी तुमची. पण ह्या लाइटांना हात लावायचा नाही. आणि काका, डेअरीच्या बाकीच्या गाड्यांनाही असेच बसवून द्याल का?"

जावयाने बोनेटवर स्वतःचा हात ठेवला. सासूबाईंनी पदर सावरून साहेबांकडे कृतार्थ नजरेने बघितलं, आपल्या येण्याचं चीज झालं म्हणून. सासरे मात्र लगेच हो म्हणाले नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवरून त्यांनी एक जाणती नजर फिरवली.

"देईन की," ते म्हणाले. "पण त्या गाड्या आधीच वाकड्या असतील, हे त्यांच्या मालकांना तुम्ही सांगायचं. मी कोणाचं मन मोडत नाही."