झरा आटला आणि भामाताई सहलीला गेली

एका जंगलात भामाताई नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर हो, अंगभर काटे असतात ती. हसू नका बाळांनो. स्वभावानं बिचारी अगदी मऊ होती.

त्या जंगलातला एकुलता एक झरा आटला. आधी धार बारीक झाली, मग नुसता चिखल उरला, मग चिखलालाही भेगा पडल्या. हरणं पहाटे पानांवरचं दव चाटायची आणि दिवसभर पडून राहायची. भामाताईची सासू म्हणजे भलती तोंडाळ. पण एके दिवशी तिनं सुनेला टोमणे मारणं थांबवलं. घशाला इतकी कोरड पडली होती. तेव्हा मात्र भामाताई हादरली.

सगळे प्राणी जमले. डोंगरापलीकडे एक म्हातारं कासव राहतं, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, असं कुणीतरी म्हणालं. पण तिकडची वाट फक्त बगळेसरांना ठाऊक, आणि बगळेसर शैक्षणिक सहलीशिवाय कुठे पाऊल टाकत नसत.

हे बगळेसर एका पायावर उभं राहून विचार करणारे गृहस्थ. शिकण्याची हौस असलेल्या प्रौढ प्राण्यांसाठी ते ज्ञानसहली काढायचे. गट लहान, मार्गदर्शन तज्ज्ञांचं, जेवण घरगुती. "आमच्याकडे नुसतं बघून पुढं जात नाहीत. समजून घेतात," असं ते मान वाकडी करून सांगायचे.

"तू जा," सासू भामाताईला म्हणाली. "खणायला तुझ्याइतकं कुणाला येतंय? कुठं खणायचं, तेवढं विचारून ये. आणि लौकर ये गं बाई."

सासू चक्क 'गं बाई' म्हणाली! भामाताईला भरून आलं. डोळे पुसून ती निघाली.

गटात त्र्यंबकराव नावाचे एक वानर होते. आयुष्यभर टोळीचे प्रमुख, आता निवृत्त. घरी कुणी ऐकून घेत नाही, म्हणून सहलीला आलेले. आणखीही दोन-चार मंडळी होती, पण त्र्यंबकराव असल्यावर बाकीच्यांना तोंड उघडायला मिळतंय कुठलं!

सहल दगड दिसला की थांबायची. बगळेसर दगडावर बोलायचे. मग प्रश्नोत्तरं. लगेच त्र्यंबकराव उठायचे. "माझा प्रश्न नाही, एक छोटासा अनुभव आहे," म्हणायचे, आणि तो छोटासा अनुभव ऊन उतरेपर्यंत चालायचा. मंडळी माना डोलवायची. पुढचा दगड आला की पुन्हा तेच.

भामाताईचा जीव टांगणीला लागलेला. तिनं पंजा वर केला. "सर, कासवाकडे कधी पोचायचं हो?"

"अशी घाई करू नका, ताई. प्रवासाचा आनंद घ्या."

"पण घरी सगळ्यांच्या घशाला कोरड पडलीय! पाणी कुठं शोधायचं, तेवढंच मला विचारायचंय."

बगळेसरांनी पाय बदलला. "तो झाला उपयोगाचा प्रश्न. आपण ज्ञानासाठी ज्ञान घेतो."

गटातल्या सगळ्यांनी भामाताईकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती जणू लग्नाच्या पंगतीत डबा भरून घेत होती. बिचारी ओशाळून मागं जाऊन बसली.

अखेर कासव भेटलं. करंजाच्या सावलीत बसलं होतं. बगळेसरांनी त्याची ओळख करून द्यायला सुरुवात केली, ती काही संपेना. शेवटी कासवानं मान बाहेर काढली आणि म्हणालं, "पाणी..."

"इथं मी एक छोटीशी भर घालतो," त्र्यंबकराव उठले.

झालं! कासवानं मान आत घेतली. त्र्यंबकरावांचं आटोपेपर्यंत सावल्या लांबल्या. बगळेसर आभार मानायला पुढं आले.

आणि भामाताईच्या अंगावरचे सगळे काटे सर्रकन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. आणखी भर घालायला पुन्हा उठू पाहणारे त्र्यंबकराव पटकन खाली बसले.

"कासवआजोबा," ती ओरडलीच, "पाणी लागायला खणू कुठं?"

"उंबराला खेटून वारूळ असेल, तिथं खण," कासव म्हणालं. "दोन हात खाली ओल लागेल."

संपलं. एवढंच! भामाताई तिथंच ढसाढसा रडली. पाठीला पाय लावून पळत सुटावं असं तिला वाटलं. आणि ती तेव्हाच पळाली असती, तर बाळांनो, ही गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही जेवायला गेला असता.

पण बगळेसर तिच्याजवळ आले. "काय नेमका प्रश्न विचारलात, ताई! तुमच्यात एक अभ्यासक आहे."

"माझ्या मनातलंच विचारलंत," त्र्यंबकरावही म्हणाले.

भामाताईला जन्मात कुणी असं काही म्हणालं नव्हतं. खणते चांगली, म्हणायचे, पण अभ्यासक? परतीच्या वाटेवर ती जरा ताठ चालू लागली. दगड आला की थांबू लागली. तिच्या मनात आलं, एवढ्या लांब जाऊन मी आणायचं काय, तर एक वाक्य? बरं दिसेल का ते? मग तिनं त्या वाक्याला आधी डोंगर जोडला, मग कासवाचं चरित्र, मग उंबराची थोरवी.

ती घरी पोचली तेव्हा सगळे आटलेल्या झऱ्याकाठी उंबराच्या सावलीत पडले होते. उंबराला खेटून एक वारूळ होतं. सासू त्या वारुळालाच टेकून बसली होती. भामाताईनं ते पाहिलं आणि ती मनातून हरखली. हे अगदी शेवटी दाखवायचं! काय टाळ्या पडतील!

"आलीस?" सासूचा आवाज फुटत नव्हता. "कुठं खणायचं?"

"सांगते ना, सासूबाई. पण आधी थोडी पूर्वपीठिका."

आणि ती उभी राहून बोलू लागली. छान बोलत होती हो, खोटं कशाला सांगू! डोंगर झाला. कासवाचं बालपण झालं. हरणं उठली आणि दुसरं जंगल शोधायला खुरडत निघून गेली. ससे गेले. रानडुकरं गेली. "अगं, जागा सांग," सासू पुटपुटली.

"प्रश्न शेवटी घेऊ," भामाताई प्रेमानं म्हणाली.

सासूला उठून जाववत नव्हतं. ती ऐकत बसली. हळूहळू तिची मान खाली गेली. सासूबाईंना पटतंय, असं भामाताईला वाटलं. तिला फार बरं वाटलं.

"तर मंडळी, आता मुख्य मुद्दा," ती म्हणाली आणि सासूच्या शेजारीच वारुळाच्या कडेला खणू लागली. दोन हात खाली पाणी लागलं. गार, गोड पाणी! तिनं पंजात धरून ते सासूच्या तोंडाला लावलं.

पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून गेलं. "सासूबाई," ती म्हणाली. "अहो सासूबाई, एक टोमणा तरी मारा."

तात्पर्य : मिळवलेलं ज्ञान घाईघाईनं कुणाला देऊ नये. आधी पूर्वपीठिका, मग विवेचन, मग निष्कर्ष, असंच द्यावं. मध्येच श्रोता दगावला, तर त्याला शिकण्याची आवड नव्हती असं समजावं आणि पुढच्या सहलीला नाव नोंदवावं.