सुविधा नसल्याबाबत

इंग्लंडातल्या लोअर स्नॉडिंग या गावात सार्वजनिक सुविधा आहेत, असा आरोप जिल्हा कौन्सिलने केला आणि गावात खळबळ माजली.

आरोपात तथ्य होतं, हीच पंचाईत होती. गावात पब होता. बसची वाट पाहण्यासाठी छप्पर होतं. लाल टेलिफोन बूथ होता. त्यातला फोन कधीच गेला होता आणि त्याच्या जागी लोकांनी वाचून झालेल्या, बहुतेक वेळा अर्ध्यात सोडलेल्या, कादंबऱ्या आणून ठेवल्या होत्या. हिरवळीवर एक बाक होता. आणि चर्चच्या मागे गावाचं सभागृह होतं. त्याची किल्ली हेस्टर ट्रॅनमरबाईंच्या एप्रनच्या खिशात असे.

कौन्सिलचं नवं धोरण सरळ होतं. जिथे सुविधा, तिथे वस्ती. लोअर स्नॉडिंगला सुविधा असतील, तर मागच्या कुरणावर नवी घरं उठणार. हे कुरण मेजर लव्हलॉक यांच्या जेवणघराच्या खिडकीतून दिसत असे, आणि मेजर ग्रामसमितीचे अध्यक्ष होते.

"घरांना माझा विरोध नाही," मेजर म्हणाले. "मी स्वतः घरात राहतो. पण ती दिसता कामा नयेत."

तातडीची सभा बोलावण्यात आली. अर्थात सभागृहात.

हेस्टरबाईंना भरून आलं. गेली कित्येक वर्षं त्या दर गुरुवारी सभागृहात चहाचा मेळावा भरवत. मेळाव्याला त्या स्वतः येत, मिस पर्किस येत, आणि मिस पर्किसचा कुत्रा येई, तोही बिस्किटापुरता. छप्पर गळत होतं. दुरुस्तीचा विषय काढला की ग्रामसमिती म्हणे, सभागृहात येतंय कोण? आणि लोकांना या म्हटलं की लोक म्हणत, बाई, तिथलं छप्पर गळतं. नवरा गेल्यापासून हेस्टरबाईंचा जीव या एका खोलीत अडकला होता, आणि खोली हळूहळू बादल्यांनी भरत चालली होती. आज मात्र खुर्च्या कमी पडल्या. त्यांनी चहाचा मोठा बंब पेटवला. त्या बंबात पन्नास कपांपेक्षा कमी चहा होतच नसे.

ठराव एकमताने संमत झाला: "गावात कोणतीही सुविधा नाही, आणि असल्यास ती गैरसोयीची आहे."

अंमलबजावणीसाठी उपसमित्या नेमल्या गेल्या. सोमवारी पबची उपसमिती बसे, मंगळवारी बसची, बुधवारी बाकाची. टेलिफोन बूथच्या उपसमितीत मतभेद होऊन तिच्या दोन झाल्या. सगळ्या सभागृहातच बसत, कारण दुसरीकडे बसायला जागा नव्हती. शनिवारी मोहिमेच्या मदतीसाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरू लागला, त्यात गाणीबजावणीही होऊ लागली. सुविधा नाहीत हे सिद्ध करण्याच्या भरात गावाने जेवढा त्या सभागृहाचा वापर केला, तेवढा गेल्या दोन पिढ्यांनी केला नव्हता. हेस्टरबाई रोज केक भाजत होत्या आणि मनातल्या मनात कौन्सिलला दुवा देत होत्या.

इकडे काम जोरात सुरू होतं. पबची पाटी उतरवली गेली. बसवाल्याला थांबायची मनाई झाली. तो नुसता वेग कमी करी, आणि गावातल्या सत्तरीच्या बायका महिनाभरात धावत्या बसमध्ये चढायला शिकल्या. बूथवर ताडपत्री टाकून "काम चालू" अशी पाटी लावली. त्यामुळे गावाला प्रथमच काही काम चालू असल्यासारखं वाटलं.

शेवटी मेजर सभागृहाकडे वळले.

"हेस्टर, हे आता बंद करावं लागेल. कुलूप घालू. कायमचं."

"मग सभा कुठे घ्याल?"

"त्यावर विचार करायला सभा घेऊ."

"कुठे?"

"तू कधीकधी फार खोचक बोलतेस, हेस्टर."

"मेजर, इथे माणसं येताहेत हो. इतक्या वर्षांनी येताहेत."

"तेच तर. पाहणी अधिकारी येईल आणि इथे माणसं दिसतील. उद्या शेजारच्या शेतावरच्या मेंढ्या आणून इथे भरायच्या. विचारलं तर सांग, हा मेंढवाडा आहे. पाहणी झाली की कुलूप."

पाहणी अधिकारी पिनॉक हा तरुण, सर्दी झालेला, सभ्य माणूस होता. आधी तो बाकाजवळ गेला. बाकावर एक म्हातारबुवा पाय पसरून बसले होते.

"हा सार्वजनिक बाक आहे का?"

"नाही, ही शोक करण्याची जागा आहे," बुवा म्हणाले.

"कोणाचा शोक?"

"ते अजून ठरलेलं नाही."

मग तो पबमध्ये शिरला. पबची मालकीण ग्वेन थ्रेल ग्लास पुसत उभी होती आणि आत मंडळी खच्चून भरली होती.

"हा पब?"

"छे, घर आहे माझं."

"आणि हे लोक?"

"चुलत भाऊ."

"सगळेच?"

"आमचे आजोबा फार मनमिळाऊ होते," ग्वेन म्हणाली.

पिनॉकने नाक पुसलं आणि तो सभागृहात आला. आत मेंढ्या होत्या. मधोमध खुर्चीवर हेस्टरबाई विणत बसल्या होत्या.

"हा मेंढवाडा," त्या पडलेल्या आवाजात म्हणाल्या.

"रंगमंच कशाला?"

"काही मेंढ्यांना उंचावर बरं वाटतं."

"आणि पियानो?"

"त्या चांगल्या घरच्या आहेत."

एवढ्यात पिनॉक सणसणीत शिंकला. छपरातून एक थेंब त्याच्या कॉलरमध्ये पडला. हेस्टरबाईंच्या तोंडून निघून गेलं, "कपभर चहा घेतोस का, बाळा?"

इंग्लंडात हा प्रश्न एकदा विचारला की मागे घेता येत नाही. हेस्टरबाईंनी बंब पेटवला. बंबाची शिट्टी वाजली. पिनॉक कप घेऊन खिडकीशी उभा राहिला, आणि चुलत भावांपैकी एकजण, काही न ठरवता, त्याच्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा आला. शोक करणारे बुवा आले. धावत्या बसमधून बायका उतरल्या आणि पाठोपाठ उभ्या राहिल्या. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. समोर एक माणूस उभा असताना त्याच्या मागे उभं न राहणं तिथे असभ्य मानलं जातं. रांग सभागृहाबाहेर पडून हिरवळीला वळसा घालून गेली. रांग मोडायला धावत आलेले मेजर सवयीने शेवटी उभे राहिले आणि तिथून ओरडू लागले.

"मेंढवाडा आहे ना हा?" पिनॉकने विचारलं.

"शंभर टक्के," मेजर रांगेच्या टोकावरून ओरडले.

"मग ही रांग कसली?"

मेजरांनी लष्करात असताना कुठेही असा पेच सोडवला नव्हता.

"खाण्याची वेळ झालीय," ते म्हणाले.

पिनॉकने रांगेकडे पाहिलं, मग मेंढ्यांकडे पाहिलं. "म्हणजे हीसुद्धा मेंढरंच?"

"आमच्या गावात सगळे मिळून मिसळून राहतात," मेजर म्हणाले.

पिनॉक हेस्टरबाईंकडे वळला. "बाई, नीट विचार करून सांगा. हे सभागृह असेल, तर ते ठेवायचं की बंद करायचं हे तुमची ग्रामसमिती ठरवेल. छप्पर गळतंय, पण माणसांच्या डोक्यावर गळणाऱ्या छपराबद्दल कौन्सिलचा काही नियम नाही. पण मेंढवाडा असेल, तर इतक्या मेंढरांना बाहेर काढून कुलूप घालणं गुन्हा आहे. छप्परही कौन्सिलला ताबडतोब घालून द्यावं लागेल. आणि मागचं कुरण चरायला राखून ठेवावं लागेल. मेंढरांचे हाल आम्ही चालवून घेत नाही."

हेस्टरबाईंनी विणकाम खाली ठेवलं. दारातल्या रांगेवरून त्यांची नजर फिरली. सगळे ओळखीचे चेहरे होते, सगळ्यांच्या हातात आता कुठूनतरी रिकामे कप आले होते.

"मेंढरंच आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "मी रोज बघते ना."

महिन्याभरात नवं छप्पर आलं. खऱ्या मेंढ्या शेतावर परत गेल्या. सभागृह आता रोज उघडं असतं, गुरुवारी तर पाय ठेवायला जागा नसते, आणि हेस्टरबाईंनी दुसरा बंब घेतला आहे. कुरण जसंच्या तसं आहे. अट फक्त एकच. कौन्सिलचा माणूस अधूनमधून येऊन दारात उभा राहतो आणि आत जाणारी डोकी मोजतो. त्या वेळी प्रत्येकाने स्पष्ट आवाजात "बें" म्हणायचं असतं. पहिल्यांदा गावाला लाज वाटली. मग असं लक्षात आलं की सभा फार लवकर संपतात. मेजर ठराव मांडतात, "अनुकूल असलेल्यांनी आवाज द्यावा," म्हणतात, आणि सगळं सभागृह एका सुरात आवाज देतं. विरोध करायचा, तर त्यासाठी वेगळा आवाज मेंढ्यांना नसतो.

तुम्ही हसताय, हे दिसतंय मला. तेवढं एक आठवून सांगा: तुमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी "सर्वांना मान्य आहे ना?" असं विचारलं आणि पलीकडच्या टेबलावर समोसे येऊन थांबले होते, तेव्हा तुम्ही नक्की काय म्हणाला होतात?